सॉरीचं कूळ

लाल पेनाच्या टोपणावर दातांचे वण होते — आपलेच, अफसानाने ओळखले. तेवीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवून एवढी एक वाईट खोड तिने कमावली होती. समोर कॉलेजच्या वार्षिक अंकाचं मुद्रित पसरलेलं. 'शब्दांचं कूळ' हे तिचं दरवर्षीचं पान, आणि यंदाचा शब्द होता सॉरी. नांदेडात ज्याला इंग्रजीचा गंध नाही तोही ऑटोत पाय लागला की सॉरी म्हणतो, तेव्हा निदान हे पान तरी लोक वाचतील, असं तिला वाटलं होतं.

तिच्या विभागातल्या वर्षाराणीचा दोनदा फोन येऊन गेला होता. "मॅडम, प्रेसवाले वाट बघून राहिलेत. तुमचंच एक पान न्हाई आलं."

सॉरीचं आणि सॉरोचं, म्हणजे दुःखाचं, मुळात काही नातं नाही, तिने पुन्हा वाचलं. दिसायला सख्ख्या बहिणी, पण घराणी वेगळी. सॉरी आली ती 'सोअर'कडून, ठणकणाऱ्या जखमेकडून. हजारेक वर्षांपूर्वी हा शब्द उच्चारणारा माणूस माफी मागत नव्हता, मला ठणकतंय एवढंच सांगत होता; माफी त्याला पुष्कळ नंतर चिकटली... म्हणजे ठणका बोलणाऱ्याचा, ऐकणाऱ्याचा नव्हे. वर्गात हे तिने दरवर्षी हसत सांगितलं होतं, आणि आज रहमतबी येणार नसती तर आजही ती हसतच पुढे गेली असती.

रहमतबी म्हणजे तिची फुप्पू, वडिलांची थोरली बहीण. गुरुवारी हजला निघायची होती. निघण्याआधी घरोघर जाऊन कहासुना, म्हणजे बोललंचाललं सगळं, माफ करवून घ्यायचं, आणि मागितल्यावर कुणी नाही म्हणायचं नाही, ही रीत. अफसानाला ती मान्य होती. फक्त त्या रीतीबरोबर एक पत्रही वाहून जाणार होतं — अफसानाला हैदराबादच्या विद्यापीठात पीएच.डी.ला घेतल्याचं, फुप्पूने पोस्टमनकडून परस्पर घेतलेलं, आणि तारीख उलटून, तिचं लग्नही उरकल्यावर, माहेरच्या शिलाई मशीनच्या खणात बॉबिनांखाली सापडलेलं. तिने खण तसाच लावून टाकला होता. का लावला मी? ती स्वतःहून बोलेल म्हणून... आज बोलेल, ईदला बोलेल, अब्बा गेल्यावर त्यांच्या चाळिसाव्या दिवशी तरी बोलेल... अशी मी थांबत गेले.

चारच्या सुमारास फुप्पू आली. जिन्याने धाप लागलेली. पलंगाच्या कडेला टेकली आणि अफसानाचा हात तिने दोन्ही हातांत घेतला.

"कहासुना माफ कर दे बेटी."

माफ केलं म्हणायचं आणि चहा टाकायचा, एवढंच काम होतं. पण तोंडून भलतंच निघालं. "कौनसी बात, फुप्पू?"

म्हातारी गोंधळली. मग खरोखरच आठवू लागली; कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलू लागले, आणि अफसाना त्या ओठांकडे जिवाच्या कराराने पाहत राहिली.

"तेरी शादी में मैं खाने पे से रूठी थी... वो?" फुप्पू म्हणाली. "बाकी अब याद नै रैता, बेटी. इसीच वास्ते सबका मांग रई हूं."

ती खोटं बोलत नव्हती. सांगावं का?... सांगितलं तर ठणका तिच्याकडे जाईल, आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तो घेऊन ती काबाभोवती फिरेल. न सांगावं तर...

"माफ किया," अफसाना म्हणाली. आवाज चांगला लागला, वर्गात लागतो तसा.

फुप्पू रडली, दुआ दिली, चहा प्यायली, गुडघ्यांचं बोलली आणि पुढच्या घरी गेली. अफसाना दारातच उभी राहिली. हलकं वाटेल, किंवा अंगाची लाही होईल, असं काहीतरी तिने धरून ठेवलं होतं. त्यातलं काहीच झालं नाही. इतकी वर्षं जिच्याशी ती मनातल्या मनात भांडत आली होती, ती पत्र दडवणारी बाई फुप्पूतून कधीच उठून निघून गेली होती, आणि अफसानाला कुणी कळवलंही नव्हतं. राग होता, चांगला शाबूत होता. फक्त तो कुणावर आहे हे आता तिला सांगता येईना.