देवापुढचं कासव

अठ्ठावन्न साली भिलाईत मी मजूर बायकांची हजेरी घ्यायचो. कारखान्यासाठी एक जुना तलाव उपसून कोरडा केला होता. चिखलात कासवं उघडी पडली होती, त्यांच्यावर कुत्री तुटून पडत.

त्या सकाळी सुकवारो नावाची मजुरीण टोपली घेऊन निघालेली दिसली. आत ओल्या पोत्यात कासव होतं.

"किधर ले जा रही?" मी दरडावलं.

"एला तरिया मं ले जाथंव, बाबू."

मी भंडाऱ्याचा माणूस, इथं येऊन महिना झालेला. मला ऐकू आलं तर्री, आणि तर्री म्हटली की मला रश्शावरचा लाल तवंगच दिसतो. ही बया कासवाची तर्री करणार! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. टोपली मी हिसकावूनच घेतली.

"ये भगवान है. हम इसकी पूजा करेंगे, समझी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, कासवाला हात जोडले आणि मुकाट कामाला गेली. घाबरली, असं मला वाटलं आणि बरंही वाटलं.

आमच्या घरांच्या ओळीतल्या मराठी लोकांनी महादेवाचं छोटं देऊळ उभं केलं होतं. देवापुढं कासव हवं, पण दगडी कासव मिळत नव्हतं. मी जिवंतच आणलं म्हटल्यावर काय विचारता! चैताच्या उन्हात ओट्यावर ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं.

"तेजराम, पाह्य रे, देव पावला!" शेजारचे रामाजी म्हणाले.

माझी बायको मनकर्णा मात्र म्हणाली, "अहो, तहानलं असन ते. एखाद्या तलावात सोडून या ना."

"तुले काय समजते?" मी म्हणालो आणि कामावर परतलो.

दुपारी हा पराक्रम मी सोबत काम करणाऱ्या हिरालालला ऐकवला. तो शेजारच्या दुर्गचा, इथली बोली जाणणारा. हसता हसता त्याला ठसका लागला. "अरे भाई, तरिया मतलब तालाब!"

मी धावत घरी आलो. मनकर्णा ओट्याशी लोटा घेऊन बसली होती. कासवाची मान बाहेर लोंबत होती.

"कुंकू लावाले बाया येऊनच राहिल्या होत्या," ती म्हणाली. "मले उचलू नाही देलं कोणी. आता गेलं ते."

शहाणपण माझं, आणि जीव त्या मुक्या प्राण्याचा गेला.

दुसऱ्या दिवशी हजेरीला सुकवारो हसत समोर आली. आदल्या संध्याकाळी तिनं आणखी चार कासवं बोरसी गावच्या तलावात सोडली होती.

"आपने छोड़ दिया न, बाबू? पूजा करके?"

माझी मान होकारार्थी हलली. कशी हलली, देव जाणे.

तिनं टोपलीतून एक लहानसं कासव काढून पुढं केलं. "इसको भी ले जाओ. आपके घर तो भगवान मानते हैं."

मी दोन पावलं मागं सरलो. तिचं हसू मावळलं. तिनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं, मग पदरानं कासवाची पाठ पुसपुसून काढली.

"माफ करना, बाबू," ती हळूच म्हणाली. "मेरा छुआ है, भूल गई थी." कासव खाली ठेवून ती लांब उभी राहिली.

तसं काही नव्हतं. पण तसं नाही म्हणायचं तर कालचं सांगावं लागलं असतं. मी हजेरीच्या वहीत मान घातली आणि पुढचं नाव पुकारलं.