मागच्या बाकाला दिसलेली तोंडं

मित्रांनो, मी बाक आहे. जुना, सागवानी आणि चर्चमधला सगळ्यात मागचा. छत्रपती संभाजीनगरच्या एका जुन्या वस्तीत आमचं चर्च आहे, त्याच्या दाराला लागून मी. आयुष्यभर माझ्यासमोर काय होतं? पाठी. टकलं, वेण्या, डोक्यावरचे पदर, शर्टाच्या कॉलरी. मी माणसं ओळखतो ती पाठीवरून आणि बसण्याच्या वजनावरून. तोंडानं माणूस वाट्टेल तेवढं खोटं बोलतो. बसताना खोटं बोलता येत नाही.

माझं लाकूड कन्नड तालुक्यातल्या घाटाकडचं. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत गयासमिस्त्रींचं दुकान होतं, तिथं मला रंधा लागला. आमच्या तेव्हाच्या पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, भारी घाई. मिस्त्री म्हणायचे, "जल्दी नक्को करो, पादरीसाब. रोता हुआ आदमी टेका लगाके बैठा तो उसकू हड्डी नै चुभनी." मिस्त्री पाच वक्तांचे नमाजी. माझ्यावर ते कधी बसले नाहीत, पण माझी पाठ त्यांनी अशी तिरकी धरली की आजही टेकणारा माणूस आधी एक श्वास सोडतो.

माझे कामाचे दिवस थाटाचे होते. नाताळला माझ्यावर इतकी पोरं दाटायची की टोकाचं एखादं खाली पडायचं. लग्नात पाहुणे माझ्यावर डुलक्या घ्यायचे. "काय मजबूत बाक आहे!" असं म्हणून लोक मला थोपटायचे.

मग खुर्च्या आल्या. प्लास्टिकच्या, पांढऱ्या. कमिटीचे सेक्रेटरी सर्जेराव टेम्पो भरून घेऊन आले आणि माझी भावंडं त्याच टेम्पोतून एका ढाब्यावर गेली. मीही गेलो असतो. पण आवडाबाई माझ्यावर बसून होत्या. गंगापूरकडच्या खेड्यातली ही विधवा म्हातारी. त्या म्हणाल्या, "ह्यो बाक हालला तर मी बी हालले, सर्जेराव. मंग माझी मयत बी ढाब्यावरच न्या."

मी राहिलो. पण खुर्च्यांचा मला मनापासून तिटकारा. वारा आला की सरकणारी, बूड टेकलं की कडकडणारी जात! लाकडानं वजन धरावं. ह्यांना कसलं वजनच नाही.

आवडाबाईंची एक सवय होती. बसल्या की उजव्या हाताचा अंगठा माझ्या कडेवर फिरवत राहायच्या. तिथं खळगा पडला होता. मला वाटायचं, म्हातारपणाचा चाळा.

मग माझ्यावर मोनिका येऊन बसली.

मोनिका आधी पुढं उभी राहून गायची. तिनं गीत उचललं की ढोलकीवाल्यालाही चेव यायचा. लेक झाली आणि ती मागं आली, दाराजवळ. कारण काय ते मला पहिल्याच रविवारी कळलं. तिचे गुडघे असे थरथरत होते की माझे खिळे आतून वाजत होते. तिच्या छातीची धडधड माझ्या पाठीच्या फळीत उतरत होती. कुठं आग नव्हती, साप नव्हता. तिचं मनच तिला सारखं सांगत होतं, तू उभी राहिलीस की लेकरू तुझ्या हातून पडणार. म्हणून सगळे गायला उठले तरी ती लेकराला घेऊन बसूनच राहायची.

तिचा नवरा सत्यम वाळूजच्या कंपनीत कामाला. शहाणा माणूस. तो तिला डॉक्टरकडं घेऊन गेला. डॉक्टरांनी सांगितलं, हा चिंतेचा आजार आहे, बाळंतपणानंतर पुष्कळ बायांना होतो, औषध घ्या, बरं वाटेल. आणि वाटायलाही लागलं होतं. माझे खिळे गप्प झाले होते.

आमच्यात एक रीत आहे. उपासना संपता संपता पाळकसाहेब विचारतात, "कुणाची प्रार्थनाविनंती?" मग कुणी आपल्या ऑपरेशनसाठी, कुणी पोराच्या नोकरीसाठी प्रार्थना मागतं. सुंदर रीत. पण त्या रविवारी सर्जेरावांनी मोनिकाला न विचारता माईक धरला. "आपल्या मोनिकाताईला भीतीच्या आत्म्यानं धरलंय. गोळ्या चालू आहेत. तिचा विश्वास वाढावा म्हणून प्रार्थना करूया."

कुणी वळून पाहिलं नाही. सगळ्या पाठींना मात्र जणू कान उगवले. उपासना सुटली तशा बाया आल्या, मोनिकाच्या डोक्यावर हात ठेवले आणि म्हणाल्या, "गोळ्या सोड गं. देवावर भार टाक."

मित्रांनो, मी लाकूड, पण मला संताप आला. चष्मा लावल्याशिवाय ज्यांना पवित्र शास्त्र वाचता येत नाही ते सर्जेराव! साखरेच्या आजाराची गोळी गिळून उपासनेला येणारे सर्जेराव! त्यांच्या डोळ्यांचा विश्वास कुठं गेला होता? त्यांच्या रक्ताचा?

मोनिकानं गोळ्या सोडल्या.

लेकीच्या बाप्तिस्म्याचा रविवार आला. आमच्या चर्चचा शिरस्ता असा, की आईनं लेकराला स्वतः उचलून पुढं न्यायचं. पाळकसाहेब नाव विचारणार, आईनं मोठ्यानं सांगायचं, मग लेकराच्या डोक्यावर पाणी. मोनिकाला हे हवं होतं, लई हवं होतं. ती उठली. बसली. पुन्हा उठली, लेकराला आवडाबाईंच्या मांडीवर ठेवलं आणि दारातून पळाली. सत्यम तिच्यामागं धावला. त्या दिवशी बाप्तिस्मा झाला नाही.

दोन दिवसांनी ती भरदुपारी आली. चर्च रिकामं होतं. आवडाबाई फुलदाण्या पुसत होत्या, फडकं तिथंच टाकून त्या शेजारी बसल्या.

"आजी, माझ्यात विश्वासच उरला नाही," मोनिका म्हणाली. "असता तर हात असे कापले असते का?"

आवडाबाईंनी तिचं बोट धरून माझ्या खळग्यात ठेवलं. "ह्ये बघ. ह्ये काय किड्यानं नाय केलं. माझ्या आंगठ्यानं केलंय. मालक गेले तवापासनं माझ्या छातीत घोडं पळतंय, पोरी."

"तुमच्या? तुम्ही तर सर्जेरावांनासुद्धा दम देता!"

"दम द्यायला काय लागतं? त्याला बी आतून घोडंच असंल." मग त्यांचा आवाज खाली आला. "क्रुसावर द्यायला धरून न्यायच्या आधी येशू बागेत पडला व्हता नव्हं? घाम गळत व्हता रक्तावानी. सोबत्यांना म्हनला, माझ्यासंगं जागे ऱ्हा. आता त्याला सांगायचं का, बाबा, तुझा इश्वास कमी पडला?"

मोनिका हसली. मग रडली. माझ्यावर दोन्हीचं वजन सारखंच पडलं.

"मग गोळ्या?"

"घे की मुकाट्यानं! डाक्टरला अक्कल काय सैतानानं दिली?"

"आणि प्रार्थना कशी करू? शब्दच येत नाहीत."

"मला कुठं येत्यात? आंगठा फिरवीत म्हनते, देवा, तू हितं, मी बी हितं. धडधड जात नाय. पर मी एकली ऱ्हात नाय."

मी थिजलो. इतकी वर्षं मी ज्याला चाळा समजत होतो ती प्रार्थना होती. ती माझ्या अंगात कोरली गेली होती, आणि मला पत्ता नव्हता.

मोनिकानं डॉक्टरांना विचारून औषध पुन्हा सुरू केलं. बरं वाटू लागल्यावर बाप्तिस्म्याचा रविवार परत ठरला. पाळकसाहेबांनी हाक दिली, "आईनं लेकराला घेऊन पुढं यावं." मोनिकानं लेकराला छातीशी धरलं. गुडघे हलले. माझे खिळे वाजले. सर्जेरावांनी माईककडं हात नेला.

"बसा खाली, सर्जेराव!" आवडाबाई कडाडल्या. "तिला येता येत नाय तर तुमी या की हिकडं. पाय काय एकल्या तिलाच दिलेत?"

पाळकसाहेबांनी पाण्याचं भांडं दोन्ही हातांनी उचललं आणि मधल्या वाटेनं चालत निघाले. मागं, माझ्याकडं. पाणी हिंदकळत होतं. कुणीतरी उठलं, आपली खुर्ची उचलली आणि दाराकडं वळवून ठेवली. मग शेजारच्यानं. मग सगळ्या ओळीनं. कडकड, कडकड, त्याच हलक्या, बिनवजनाच्या खुर्च्या! माझी भावंडं असती तर जागची हलली नसती. मी त्या खुर्च्यांची मनातल्या मनात माफी मागितली.

आणि मला तोंडं दिसली. उपासना चालू असताना, आयुष्यात पहिल्यांदा. ताठ पाठीचा ढोलकीवाला, त्याचे डोळे लहान पोरासारखे भ्यालेले. सुंदर वेणीची बाई, तिच्या कपाळावर काळजीच्या किती रेघा! शेवटी सर्जेराव वळले. त्यांचे ओठ थरथरत होते. आवडाबाईंचं खरं होतं, घोडं त्यांच्याही छातीत होतं. अवघ्या चर्चच्या छातीत होतं. इतकी माणसं इतकं भय पोटात घेऊन दर रविवारी इथं येतात आणि तरीही गातात! मिस्त्री, हे तुम्ही पाहायला हवं होतं.

"या लेकराचं नाव काय?"

मोनिकाचा अंगठा खळग्यात होता. अंगठा सुटला. ती उठली. तिच्या पोटऱ्या माझ्या कडेला टेकलेल्या, आणि तिचं कापणं माझ्या पायांपर्यंत पोचत होतं.

"सायली," ती पुटपुटली. मग तिच्या गाण्याच्या आवाजात म्हणाली, "सायली!"

पाणी पडलं. सायलीनं भोकाड पसरलं. लेकरू पडलं नाही. चार थेंब माझ्यावर पडले.

भीती कायमची गेली असं मी सांगणार नाही. मोनिका अजून औषध घेते, अजून कधी कधी माझे खिळे वाजतात. पण आता ती माझ्यावरूनच गीत उचलते, आणि पुढच्यांना मागं वळून ऐकावं लागतं.

मित्रांनो, उद्या मला कुणी पॉलिश करायला आलं तर त्याला सांगा, धूळ पुसा, खिळे आवळा. पण त्या खळग्यात लांबी भरून तो बुजवू नका. तिथं आता दोन अंगठे फिरतात. आणि तुमच्या शाळेत, घरात, देवाच्या दारी कुणी मागं थरथरत बसलेलं दिसलं, तर त्याला पुढं ओढू नका. आपली खुर्ची उचला आणि वळवा. खुर्ची हलकीच असते.