गाडीवानांनी बैल सावलीत बांधावे

"भिंतीले रोलर लावशील तं बोटं मोडीन तुही, लखीराम!"

शिडीच्या सहाव्या पायरीवर लखीराम रोलर हवेत धरून थबकला. पांढरा रंग त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला, पण त्याने हात खाली घेतला नाही. जुबैदाबी दारव्ह्यात कोणाला भीत नाही हे त्याला ठाऊक होतं.

"चाची, मी ठेकेदाराचा मानूस. आज भिंत पांढरी नाही केली तं थो मले काळा-निळा करीन."

"करू दे. आधी माह्या नातीचं काम. मंग तू भिंत पांढरी कर नाही तं जांभळी कर."

नात म्हणजे तमन्ना. गळ्यात पिशवी, काखेत बटर पेपरची लांबलचक गुंडाळी, आणि चेहरा असा की जत्रेत पहिल्यांदा आलेलं लेकरू. ती कधीच भिंतीशी जाऊन पोहोचली होती आणि अक्षरांवर तळहात ठेवून उभी होती.

"जोहरची अजान होईपर्यंत थांबतो," लखीराम खाली उतरत म्हणाला. "त्याच्यावर एक मिनिट नाही."

"तुले कधीपासून अजानचं पडलं बे?"

"आमची जेवायची सुट्टी त्याच्यावरच होते, चाची."

ती बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगची भिंत होती. जागा आता एकाने मंगल कार्यालयासाठी घेतली होती. वरून पत्र्याचं छप्पर पुढे आलेलं, म्हणून बावीस वर्षांचं ऊनपाणी खाऊनही लाल ऑइलपेंटमधल्या चार ओळी शाबूत राहिल्या होत्या:

*येथे कापूस वजनाने घेतला जाईल*
*ओला कापूस आणू नये*
*गाडीवानांनी बैल सावलीत बांधावे*
*आवारात बिडी पेटवू नये*

आणि खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरांत: *हबीब पेंटर, दारव्हा*.

हबीब म्हणजे जुबैदाबीचा नवरा. गावातल्या त्याच्या बाकी सगळ्या पाट्या फ्लेक्सने खाल्ल्या होत्या. दुकानांवर आता दात काढून हसणारे फोटो होते आणि त्यांच्या पायाशी कुठेतरी दुकानाचं नाव. जुबैदाबी बाजारातून जाताना त्या फ्लेक्सकडे अशी बघायची, जशी उधळ्या सुनेकडे बघावं.

तमन्ना अमरावतीला डिझाइन शिकत होती. दुसरं वर्ष. मागच्या महिन्यात तिने कॉम्प्युटरवर एक अख्खी अक्षरमाला करून दाखवली, तर सर म्हणाले, "देखणी आहे. पण हिला हाडं नाहीत." पोरगी फोनवर रडली. जुबैदाबी फोनवर भडकली. सरांच्या सात पिढ्यांची हाडं मोजून झाल्यावर तिने विचारलं, "मंग थो मानूस मांगून काय राह्यला?" सर मागत होते ते असं: गावातली हाताने लिहिलेली एक ओळ शोध. फोटो नको, फोटो सपाट असतो. भिंतीवर कागद लावून ती आहे त्या मापात उतरवून घे, हात कुठे जोर देतो, कुठे सुटतो ते बघ, आणि त्यावरून सगळी अक्षरं तयार कर. सोमवारी दाखवायचं. जमलं तर पुढचं सत्र, नाही तर हेच पुन्हा.

कागद मात्र एकच गुंडाळी होती. एका ओळीपुरता, फार तर वीतभर जास्त. दारव्ह्यातला स्टेशनरीवाला बटर पेपर म्हणून पतंगीचा कागद दाखवत होता. तेव्हा चारपैकी एकच ओळ वाचणार होती.

कोणती, हे तमन्नाने ठरवायचं होतं. आणि सकाळपासून जुबैदाबीच्या घशाखाली चहा उतरला नव्हता तो याच्याचमुळे. कारण चारपैकी दोन ओळी हबीबच्या नव्हत्या. हे हबीबला माहीत होतं, पण त्याला जाऊन आठ वर्षं झाली. आता ते फक्त तिला माहीत होतं.

"दादी, इकडे पाय नं!" तमन्ना भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होती. "या 'व'च्या आतली जागा पाय. याले काउंटर म्हणतात."

"त्याले पोट म्हन्तेत. पोट बुजलं की अक्षर मेलं."

"आन् दोन अक्षरांमधली जागा कमी-जास्त करतात ते कर्निंग."

"सांध."

"आमचे सर हे शिकवाले दीड महिना घेतात, दादी!"

"तुह्या दादानं मले दोन शिव्यांत शिकवलं."

खोटं नव्हतं ते. जुबैदाबी उर्दू शाळेत दुसरीपर्यंत गेलेली. लग्न होऊन आली तेव्हा मराठी अक्षर तिला ओळखू येत नव्हतं. हबीब खडूने ओळ आखायचा, कडा काढायचा आणि ती आत रंग भरायची. अक्षरांचा आवाज तिला माहीत नव्हता, अंग माहीत होतं. 'ब'चं नाव 'ब' आहे हे तिला तीन वर्षांनी कळलं, तोवर ते तिच्यासाठी पोटात काडी अडकलेलं अक्षर होतं.

तिने डब्यातून मैद्याची खळ काढली. तमन्नाने आणलेली चिकटपट्टी धुळीच्या भिंतीवर धरणार नव्हती, हे तिला न बघता माहीत होतं. "लाव. कोनाले चिकटवाचं ते सांग."

तमन्ना दुसऱ्या ओळीपाशी थांबली. "हा 'ओ' पाय, दादी. दादाचा हात! एका दमात काढला असन."

"दारव्हा तालुक्यात असा 'ओ' कोनाले जमत नव्हता," जुबैदाबी मोठ्याने म्हणाली. खरंच होतं ते. तिचा नवरा होता, त्याच्या 'ओ'बद्दल तिने कोणाचं ऐकून घेतलं नसतं. पण तिने खळ अशी ढवळली की ती डब्याबाहेर उडाली.

तमन्नाने कागदाचा एक कोपरा चिकटवला. दुसरा हातात धरला. आणि थांबली.

मग तो सोडून ती मागे मागे गेली, पार रस्त्याच्या कडेपर्यंत. एका ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न मारला, तिचं लक्ष नव्हतं. डोळे बारीक करून ती तिसऱ्या ओळीकडे बघत राहिली. परत आली ती पट्टी काढूनच. 'बांधावे' मोजलं. 'सावलीत' मोजलं. 'गाडीवानांनी' दोनदा मोजलं.

"दादी, ही ओळ दादाची नाही."

"खाली नाव वाच. वाचता येते ना, का अमरावतीले जाऊन इसरली?"

"नाव दादाचं हाय. हात दादाचा नाही."

"बत्तीस दात हायेत तुह्या तोंडात, एखादा कमी करू का?"

तमन्ना हसली, पण हटली नाही. ही जिद्द कोणाची आहे हे जुबैदाबीला विचारायची गरज नव्हती.

"हे पाय. वरच्या ओळीत दादानं डावीकडून सुरुवात केली. तिथी अक्षरं मोकळी हायेत. उजवीकडे जागा कमी पडत गेली, तिथी जरा दाटली. सगळ्याचंच होते तसं. आता ही ओळ पाय. इथी 'बांधावे' पाय पसरून बसलं हाय आन् डावीकडे 'गाडीवानांनी' चेंगरून गेलं." "म्हणजे लिहिणाऱ्यानं उजवीकडून सुरुवात केली! मराठी ओळ उजवीकडून कोण सुरू करते, दादी?"

लखीराम भाकरीचं फडकं सोडत बसला होता. तो म्हणाला, "चाची, ही पोरगी तं पोलिसात पाहिजे."

"तू भाकर खाय!"

"दादा मराठी शाळेत होते," तमन्ना हळूच म्हणाली. "आपल्या घरात उर्दू शाळेत कोण गेलतं?"

जुबैदाबीने जवळची रिकामी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसली. पदर सारखा केला.

"हात कापे त्याचा," ती म्हणाली. "त्या साली लागला कापाले. दोन ओळी केल्या त्यानं, कशातरी. तिसरीले ब्रश हातात राहीना. मालक जेवाले गेलता. मी म्हनलं, उतर खाली आन् मजकुराची चिठ्ठी दे मले. थो शिडी धरून उभा. मी वर. तोवर नुसता रंग भरला होता, ओळ कधी धरली नव्हती. मले काय माहीत कोनीकडून सुरू करतेत? शाळेत शिकल्यावानी उजवीकडून धरलं. शेवटी जागाच पुरेना. बैल बसले मोकळे आन् गाडीवान दाटीत."

लखीरामला ठसका लागला. तमन्ना हसत होती आणि डोळे पुसत होती.

"मंग दादा काय म्हणाले?"

"काय म्हन्ते? चौथी ओळ झाली, रंग वाळला, त्यानं खाली सही केली. डाव्या हातानं उजवा हात धरून. घर येईपर्यंत बोलला नाही. दारात चप्पल काढता काढता म्हने, 'तुहा ब माह्यापेक्षा बरा झाला.'"

हे तिने बावीस वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. पोटच्या इमरानलाही नाही. इमरान जीपगाड्यांची इंजिनं खोलायचा, त्याला अक्षरांशी देणंघेणं नव्हतं.

"आन् त्याच्यानंतरच्या पाट्या?"

"त्याच्यानंतर चौदा वर्सं सगळ्या मीच केल्या. दुकानाच्या मांगच्या खोलीत. थो समोर बसे, गिऱ्हाइकाशी बोले."

"कोणाले सांगितलं काहून नाही, दादी?"

"काय सांगू? हबीबचा हात गेला म्हनून सांगू?" आता आवाजाला धार परत आली. "मानसाजवळ नाव तेवढंच राह्यलं होतं. थे मी ठेवलं. आता तू कालेजात जाऊन काढून घेशील तं पाय."

तमन्नाने दुसऱ्या ओळीवरचा कागदाचा कोपरा अलगद सोडवला, खळ बोटाने पुसली, आणि कागद तिसऱ्या ओळीवर आणून धरला.

जुबैदाबी ताडकन उठली. "दादाची ओळ सोडून हे वाकडंतिकडं नेतं? सर हाकलून देईन तुले!"

"दादाची ओळ सुंदर हाय. तिचे मी फोटो काढले. पण तशी अक्षरं मले पुस्तकांत भेटतात, दादी. अशी कुठंच भेटत नाहीत." तिने 'ब'वर बोट ठेवलं. "याले हाडं हायेत."

जुबैदाबीने तोंड फिरवलं. रस्त्याकडे बघत, कोणाला उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाली, "मंग लवकर लाव. नुसती बोलत काय बसली?"

आणि मग जे सुरू झालं ते लखीराम पुढे महिनाभर आपल्या तांड्यात सांगत होता. म्हातारी कागद ताणून धरत होती, पोरगी पेन्सिल चालवत होती, आणि दोघी एकमेकींवर ओरडत होत्या. "कड पकड, कड! मंधातून नको जाऊ!" "दादी, सावली पडते तुही!" "इथी ब्रश उचलला होता मी, इथी जरा थांब. आता सोड. पाय, निसटला ना? असाच निसटला होता." तमन्नाने पेन्सिल तशीच निसटवली आणि किंचाळली. जुबैदाबीने तिच्या पाठीत धपाटा घातला, आणि तो रागाचा नव्हता. 'बांधावे' झालं. 'सावलीत' झालं. 'बैल' झालं. पोरीच्या बोटांना घाम सुटला होता. म्हातारीचे खांदे भरून आले होते, पण तिने कागद सैल पडू दिला नाही.

अजान झाली तेव्हा 'गाडीवानांनी'तली शेवटची दोन अक्षरं बाकी होती.

जुबैदाबीने पदर डोक्यावर ओढला आणि लखीरामकडे बघितलं. जबान म्हणजे जबान. "झाली बे अजान."

लखीराम भाकरीचा तुकडा चटणीत फिरवत होता. "मले तं नाही आली ऐकू. माईक खराब दिसते आज."

दोन अक्षरं झाली. तमन्नाने कागद सोडवला, उन्हात धरला. भिंतीवरून उतरून आलेली लाल ओळ पांढऱ्या कागदावर करड्या रेघांत उभी होती, चेंगरलेल्या गाडीवानांसकट.

"कोपऱ्यात अक्षरं कोणाची हे लिहावं लागते," तमन्ना म्हणाली. पेन्सिल तिने आजीसमोर धरली नाही, नुसती थांबली.

"दुकान त्याचं होतं. थे वर लेह्य, मोठं," जुबैदाबी म्हणाली. "खाली माह्यं. बारीक." मग जरा थांबून, "पन इतकंबी बारीक नको की चष्मा लावा लागन."

तमन्नाने लिहिलं. गुंडाळी करून छातीशी धरली.

लखीराम उठला, हात धुतले, शिडी लावली आणि रोलर बादलीत बुडवला.

"थांब," जुबैदाबी म्हणाली.

"आता काय, चाची?"

"खाली ऑइलपेंट हाय. त्याच्यावर तसंच मारशील तं चार महिन्यांत पापुद्रे निघतीन. लग्नाच्या मांडवात लोकायच्या ताटात पडतीन. घासलं काय?"

"पॉलिश पेपर हाय थैलीत. पन येवढी भिंत कोन घासते? ठेकेदार म्हने, मार तसंच."

"दे इकडे."

"दादी, तू नको," तमन्ना म्हणाली.

जुबैदाबीने ऐकलं नाही. पदर कमरेला खोचला, पॉलिश पेपरची चौपदरी घडी केली आणि तिसऱ्या ओळीवर ठेवून गोल गोल फिरवायला लागली. एका लयीत, घाई न करता. लाल भुकटी तिच्या मनगटावर, काचेच्या बांगड्यांवर बसत गेली. बघता बघता लखीरामही दुसरा तुकडा घेऊन शेजारी उभा राहिला.

"तिथी हात फिरवून पाय," ती त्याला म्हणाली. "खरखरीत लागते काय?"

लखीरामने तळहात फिरवला. "नाही चाची. मऊ हाय."

"हं," ती म्हणाली. "मंग आता मार."