पहिलं दूध

काल प्लास्टर केलेल्या पायरीला पाणी मारायचं राहिलं होतं.

सगुणाबाईच्या आधार कार्डावर पत्ता जळकोटचा. तिथलं घर पडून सहा वर्षं झाली.

थोरल्या लेकीचा भूगोलाचा पेपर सोमवारी. शेवटचा.

धाकट्या, चार वर्षांच्या करिश्माला झोपेतून उठल्यावर दार कुठल्या बाजूला ते आठवत नाही. आतापर्यंतच्या तीन घरांत तीन बाजूंना दारं.

“हितं चूल कोन पेटवली?”

केवळाबाईंनी ओट्याखालच्या काळ्या भिंतीवर बोट ठेवलं होतं. सगुणाबाई पाण्याचा पाइप गुंडाळता गुंडाळता थांबली.

लातुरातलं हे घर केवळाबाईंच्या मुलाचं, शिवशंकर सरांचं. बांधकामाची राखण करायची, भिंतींना पाणी मारायचं आणि घर उभं होईस्तोवर त्यातच राहायचं, हे सगुणाबाईचं आणि तिच्या नवऱ्याचं, मलप्पाचं काम. घर पुरं झालं की बाहेर. रविवारी वास्तुशांती होती. थोरली ऋतुजा दहावीला, म्हणून सर म्हणाले होते, मागच्या पत्र्याखाली ऱ्हावा सोमवारपर्यंत. मलप्पा नांदेडला नवीन साइट बघायला गेला होता.

फरशीवाल्यांनी चहा केला, असं सांगता आलं असतं. पण म्हातारीचा चेहरा उतरलेला बघून सगुणाबाईला वाटलं, हिला बरं वाटंल असं काहीतरी सांगावं.

“मीच पेटवली, आई. थंडीत पोरगी तापली होती. पण वास्तू लई शुभ हाय बघा. दूध ठिवलं, ते उतू गेलं. नीट पूर्वेकडं गेलं.”

केवळाबाई हळूच ओट्यापासून मागं सरकल्या.

“शिवशंकर.”

सर मोबाइल कानाला लावूनच आत आले.

“घराचं पहिलं दूध ह्यांचं झालं. आता रविवारी मी काय उतू घालू, पाणी? ह्यांना आजच्या आज काढ.”

“आई, सोमवारपर्यंत—”

“आज.”

सगुणाबाईला तेव्हा कुठं उमगलं, आपण काय बोलून बसलो ते.

“सर, पोरीचा पेपर हाय.”

“पेपर सेंटरवर हाय की घरात हाय?” केवळाबाईच बोलल्या.

सरांनी मोबाइल खिशात घातला. “समजून घ्या, सगुणाबाई. आईच्या मनाला लागलंय.”

“घेतलं, सर.”

पत्र्याची पेटी, दोन वाकळा, डबे, ऋतुजाची पुस्तकं. चार खेपांत सगळं रस्त्यापलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर गेलं. तिथं कुणाच्या तरी विटांचा ढीग होता, त्याची सावली दोघी-तिघी बसतील एवढीच. करिश्मा पेटीवर बसली आणि इथं दार कुठंय म्हणून विचारू लागली.

इतिहासाचा पेपर देऊन ऋतुजा आली. आधी सवयीनं त्या घराच्या फाटकाशी गेली. मग पेटी दिसली.

“काय केलं तू?”

“दुधाचं सांगितलं.”

ऋतुजानं दप्तर खाली ठेवलं. “तू बी ना, आई. लई शहाणी हायस.” मग विटांना पाठ टेकून तिनं भूगोलाचं पुस्तक उघडलं. “बापूला फोन लावू?”

“सोमवारी लाव. आत्ता लावलास तर नांदेडला चला म्हणंल.”

सर फाटकापर्यंत आले. पलीकडून जरा ओरडूनच म्हणाले, “सगुणाबाई, पायरीचं प्लास्टर कालचं हाय. पाणी…”

“मारा की, सर,” ती म्हणाली. “दिवसातून तीन येळा. पाइप जिन्याखाली ठिवलाय.”

सगुणाबाई, मलप्पा आणि पोरी राहायला आले तेव्हा त्या घराच्या भिंती गुडघ्याएवढ्या होत्या.