क्लाराची मुलगी आणि माझी म्हैस

जर्मनीत, इंगोलश्टाटला मी पहिल्यांदा शिंकलो, तेव्हा शिंक हवेतच गोठली. शेजारच्या फ्राऊ हूबरनी ती सुपलीवर घेऊन ओल्या कचऱ्यात टाकली. खोटं वाटत असेल तर त्यांनाच विचारा. माझ्याशी त्या बोलत नाहीत, तुमच्याशी बोलतील.

आता सांगतो ते मात्र तसलं नाही.

माझी सून नीता पोळ्या लाटता लाटता गोष्ट सांगते. तेव्हा लायब्ररीतली जाडजूड जर्मन कादंबरी चालू होती. छपराच्या बैलगाड्या जुंपून कॅलिफोर्नियाला निघालेल्या क्लाराची आणि तिच्याबरोबरच्या बायकांची. नीता मराठीत सांगायची, माझी नात अन्वी हुंकार द्यायची. हुंकार थांबला की गोष्ट थांबवायची, हा आमच्या घरचा नियम. अन्वीचा हुंकार म्हणजे ‘गेनाऊ’, जर्मनमधलं ‘बरोबर’.

नीतालाही कॅलिफोर्नियात नोकरी लागली होती. अन्वीने वर्षभर इथेच राहायचं, माझ्या आणि तिच्या बाबाच्या, गुरुदत्तच्या जवळ, असं आम्ही मोठ्यांनी ठरवलं होतं. पोरीला सांगायचं कसं, या काळजीने नीता वाळत चालली होती.

त्या संध्याकाळी ती म्हणाली, “मग क्लाराने मुलीला गावातच ठेवलं. म्हणाली, घर मिळालं की बोलावते हं.”

“गेनाऊ,” अन्वी बारीक आवाजात म्हणाली.

मला वाटलं, जरा गोड करावं. “मुलीची तर चंगळच! तिच्या आजोबांकडे अशी म्हैस होती, थंडीत थेट श्रीखंडच द्यायची.”

हुंकार आला नाही.

अन्वीने पुस्तक ओढलं आणि भराभर पान वाचलं. एरवी जर्मनमध्येच उत्तर देणारी पोर चक्क मराठीत म्हणाली, “इथे आजोबा नाहीत. मुलगी पण नाही. क्लारा एकटीच आहे.”

“अप्पा, तुम्ही पण ना!” नीता माझ्यावर उखडली.

“अगं, मुलगी तू घातलीस. माझी फक्त म्हैस!”

“आई, तू मला ठेवून जाणार?”

तव्यावरची पोळी करपली. “वर्षभरच गं राणी. बाबा आहे, आजोबा आहेत…”

“आजोबा खोटं बोलतात. तू पण.”

अन्वी खोलीत गेली आणि दार लावून बसली.

नीताने कंपनीला कळवलंय, येऊ तर दोघी येऊ. उत्तर अजून नाही. अन्वी ताट घेऊन खोलीतच जेवते.

काल मी दाराबाहेरून विचारलं, “चिऊ, काही सांगू का?”

“खरं असेल तर.”

खरं एवढंच होतं, की त्या दोघी गेल्यावर या घरात मी काय करणार, याची मला धास्ती वाटत होती. ते पोरीला कसं सांगायचं? मी तिथेच बसून राहिलो.