पिकायला ठेवलेला टायर

मी एक जुना टायर आहे, मित्रांनो, पण तुमच्या सायकलीला असतो तसला नव्हे. तसल्या टायरात ट्यूब नुसती ठेवलेली असते. माझ्या पोटात ती घालून मला आतल्या अंगाने टाके घातले, शिवणीवर कापडी पट्टी चिकटवली आणि मी पुरा झालो. शर्यतीच्या सायकलीच्या रिमवर मला सोल्यूशन लावून बसवतात. फ्लँडर्स प्रांतातल्या ज्या गावात माझा जन्म गेला, तिथे आम्हाला सगळे ‘शिवलेले’ एवढेच म्हणतात.

ओमेरने मला दुकानातल्या ढिगातून निवडले, तेव्हा तो स्वतः शर्यती मारत असे. त्याने माझी बाजू बोटांत धरून चुरगाळून पाहिली. आतल्या कापडाचे सूत बारीक आहे ना, मऊ आहे ना. मग थोडी हवा भरून मला दुकानाच्या फळीवर गडगडत सोडले. मी कुठेही न लचकता सरळ गेलो. शेवटी नाकाशी धरून वास घेतला आणि म्हणाला, “हा माझा.” इतका मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

नव्या टायरचे रबर कोवळे असते. गारगोटीचा बारीक खडा लागला तरी आत शिरतो. म्हणून आमच्याकडे शर्यतवाले लोक नवा टायर वर्ष-दोन वर्षे तळघरात, अंधारात, गारव्याला ठेवतात. त्याला टायर पिकवणे म्हणतात. ओमेरने मला बटाटे आणि बिअरच्या बाटल्या यांच्या मधल्या भिंतीवर एका खिळ्याला अडकवले. “एक हिवाळा जाऊ दे,” म्हणाला. हिवाळा गेला. “अजून एक.” तोही गेला. मग त्याचा गुडघा कामातून गेला आणि त्याच्या शर्यती संपल्या. ‘अजून एक हिवाळा’ मात्र संपला नाही.

दर रविवारी तो खाली यायचा, माझ्यावरून हात फिरवायचा आणि मला पुन्हा त्याच खिळ्याला लावायचा. मला प्रेम कमी पडले असे मी म्हणणार नाही. पण झरोक्यातून रस्त्यावरच्या चाकांचा आवाज यायचा, तेव्हा मला कसेसेच होई.

त्याची मुलगी ग्रीत कापडाच्या गिरणीत कामाला होती आणि शर्यतीही मारायची. आदल्या वर्षी गावच्या जत्रेतल्या शर्यतीत ती पुढे असताना चर्चजवळच्या दगडी रस्त्यावर तिचा स्वस्तातला टायर फुटला. सायकल खांद्यावर टाकून तिला साऱ्या गावासमोरून चालत यावे लागले. पुन्हा तसे चालायचे नाही, एवढेच तिच्या मनात होते. यंदाची जत्रा तोंडावर आली तशी ती तळघरात आली.

“बाबा, मला तो हवाय.”

“कुठला?”

“तुम्हाला माहितीये कुठला.”

“तो अजून पिकायचाय.”

“बाबा, माझ्या बरोबरीचा असेल तो.”

बटाटे न्यायला आलेली तिची आई गोदलीव्ह जिन्यावरूनच म्हणाली, “ओमेर, फार पिकलं की नासतं. मी रोज बघतेच आहे तुझ्याकडे.”

ओमेर हसला नाही. त्याने मला खाली काढले. एका जुन्या रिमवर चढवून हवा भरली. आमच्या पातळ ट्यूबमधून रात्रीत थोडी हवा जातेच, पण सकाळी मी साफ बसलो होतो.

“बघ,” तो पायरीवर बसत म्हणाला, “म्हणून नको म्हणत होतो.”

“बाबा, तो रस्त्यावर नाही गेला. इथे, टांगल्या जागी गेला.”

त्याने मला घंगाळातल्या पाण्यात बुडवले, तर व्हॉल्व्हपाशी बुडबुडे आले. शिवलेल्या टायरात भोक एकीकडे असते आणि हवा आतून फिरून भलतीकडे निघते. ओमेरला हे ठाऊक होते. तरी घाईत त्याने तिथलीच पट्टी सोलली, टाके कापले, ट्यूब बाहेर ओढली. काही नाही. ज्या टायरला त्याने कुणाला हात लावू दिला नव्हता, तो त्याच्याच हाताने उसवून पडला होता.

“चुकीच्या जागी उघडला,” तो हळूच म्हणाला.

“मग दुसरीकडे उघड,” गोदलीव्ह म्हणाली. “शिवायला मी आहे ना.”

भोक सापडले ते खिळ्याच्या जागी. सारी वर्षे तिथेच मुडपून लोंबकळत राहिल्याने ट्यूब विरली होती. ओमेर त्या जागेकडे पाहत राहिला. मग त्याने पातळ रबराचे ठिगळ कापून नीट चिकटवले. गोदलीव्हने मेण लावलेला जाड दोरा ओवला आणि जुन्याच छिद्रांतून टाके घालायला घेतले.

“ट्यूब खाली दाबून धर. सुई लागली, तर मी माझ्या रश्श्याकडे जाणार, तू बस शिवत.”

तो श्वास रोखून ट्यूब धरून बसला. पट्टी पुन्हा चिकटवली. रिमला सोल्यूशनचा एक हात दिला, वाळू दिला, मग दुसरा. ग्रीतच्या मागच्या चाकावर त्याने मला स्वतः बसवले, दोन्ही अंगठ्यांनी ओढत, आणि रात्रभर तसेच राहू दिले.

शर्यतीच्या दिवशी, मित्रांनो, मी पहिल्यांदा रस्ता पाहिला. बँड वाजत होता, तळलेल्या बटाट्यांचा वास सुटला होता. दगड अंगाला लागत होते आणि मी ते पोटात घेऊन पुढे सोडत होतो. फेरीमागून फेरी झाली. शेवटच्या फेरीत, चर्चच्या अलीकडे, एका धारदार गारगोटीने मला उभे चिरले. हवा गेली. पण मी रिमला चिकटवलेला होतो. चपटा झालो, तरी सुटलो नाही. ग्रीत उतरली नाही. नुसत्या सुतावर ती मला तशीच दामटत शेवटपर्यंत गेली.

ती चौथी आली. बक्षिसाचे हॅम, म्हणजे डुकराची खारवलेली मांडी, पहिल्या तिघींनाच होते.

“हॅम गेलं,” गोदलीव्ह म्हणाली आणि तिने लेकीच्या खांद्यावर कोट घातला.

ओमेर लंगडत आला आणि चाकापाशी उकिडवा बसला. त्याने माझ्या चिरलेल्या, गरम अंगावर हात ठेवला.

“कापला गेला, बाबा. आता नाही शिवता येणार.”

“ते राहू दे. दगडांवर कसा वाटला?”

ग्रीतने जरा विचार केला. “दगड आहेत हे मध्येच विसरायला व्हायचं.”

“आणि वळणावर?”

घरी जाईपर्यंत तो विचारत राहिला. उतारावर, चढावर, ओल्या जागी कसा होता. ती सांगत होती आणि तो मान डोलवत होता. मला वाटते, त्या दिवशी तोही माझ्यावर बसून आला.

आज मी कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला बिजागरी म्हणून बांधलेला आहे. मित्रांनो, आपल्या वस्तू जपा, फाटल्या तर शिवा, भोक पडले तर ठिगळ लावा. पण आधी त्या वापरा. माझी सारी वर्षे कोरी गेली. तू आयुष्यात काय केलेस असे कुणी मला विचारले, तर मी त्या एका दुपारचेच सांगतो.