थेट मुंबईहून

सारी जिंदगी मी मुंबईची होती. मुंबई पाह्यली एकदाच, तेही चमचमता गाऊन घ्याले गेलती तेव्हा, आन तिथलं पानी असं लागलं की निरा धर्मशाळेत पडून होती. पन बुलढाना जिल्ह्यातल्या कोन्याही गावात जा, पिकल्या केसाच्या मानसाले इचारा, मिस रीटा कोन होती? तो म्हनीन, अरे बापा, ते मुंबईवाली डिस्को!

मी मुंबईची नाई. मी जानेफळची. जनका माहं नाव, उकंडरावाची पोट्टी. आता लोनारले राह्यते, बसस्टँडच्या मागं एका खोलीत, साड्यायले फॉल-पिको करते. लोनारहून जानेफळ कितीसं दूर हाये? सकाळच्या यष्टीनं गेलं तं दुपारच्या जेवनाले मानूस परत येते. पन पोट्टीपनी त्या गावातून निंगाली, ते मंग कधी तिथं उतरली नाई. उतरूच देलं नाई कोनी.

झालं असं, की मी मेहकरले मावशीकडं शिवन शिकाले राह्यलेली. मावशीच्या शेजारी कादर राहे. तो तुळशीरामच्या ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवे. गनपतीत त्यायची गानारी बाई तापानं पडली, आन कादरनं मले नळावर पानी भरताना गाताना ऐकलेलं. तो मावशीले भेटला, मावशी भोळी, तिले वाटलं आरती-गिरती म्हनाची असन. मी इस्टेजवर चढली आन डिस्को गायली. लोक खुर्च्यायवर उभे झाले. त्या रोजी मले समजलं, आपल्याले दुसरं काई येत नाई आन दुसरं काई करनं होत नाई.

बापाच्या कानावर गेलं. बुढ्यानं घराचं दार लावून घेतलं आन गावात सांगतलं, पोट्टी सुरतेले देली, जावई कपड्याच्या गिरनीत हाये. माहा मोठा भाऊ अर्जुन, तो तेव्हा जवान होता. त्याले सारं मालूम. त्यानं सुरतेच्या जावयाचं नावही ठरवून टाकलं म्हने. चांगलं नाव ठेवलं असन, मले कोनी सांगतलं नाई.

इकडं तुळशीरामनं माहं दुसरं बारसं केलं. म्हने, "गावची पोट्टी पाहाले कोन येते वो? तिले तं लोक फुकटात वावरात पाह्यतात. आजपासून तू मिस रीटा. थेट मुंबईहून."

हे 'थेट मुंबईहून' म्हंजे काय भानगड होती, ते आताच्या पोट्ट्यायले समजनार नाई. साऱ्याच ऑर्केस्ट्राची तीच रीत. गानारी अकोल्याची असो का चिखलीची, पोस्टरवर ती मुंबईचीच. आमी सारे संगंच यष्टीनं जावो, डब्यातली भाकर खात. गाव आलं की अलीकडच्या फाट्यावर उतराचं. तिथं तुळशीरामनं ठरवलेली अँबॅसिडर उभी राहे, पडदे लावलेली. त्यातून फक्त मी गावात जाचं, काळा गॉगल लावून, सोनेरी केसाचा टोप घालून. बाकीचे पायी. आन कोनाशी बोलाचं नाई. बोलाचंच पडलं तं हिंदीत, तेही नाकातून.

सोनाळा गावची गोष्ट सांगतो म्हनलं तं हसू येते आन रडूही. एका घरी आमचं जेवन होतं. त्या माउलीनं मले ज्वारीची भाकर वाढली, ठेचा वाढला. मले इतकी भूक, की ताटासकट खाऊ. पन तुळशीराम डोळे वटारून पाहून राह्यला होता. म्हनून मी इचारलं, "ये क्या है?" ती बिचारी माह्याजोळ बसली, मले भाकर मोडाले शिकवलं, ठेचा तेलात कालवाले शिकवलं. म्हने, "खाय बाई, तुमच्या मुंबईत हे कुठं भेटते?" मी जन्माची भाकर खानारी, तिच्याजोळून भाकर खानं शिकून आली. त्या रोजी मी गाडीत लय रडली. तुळशीराम म्हने, वा, बरी वठवली.

गात मात्र मी खरी होती. त्यात खोटं काई नव्हतं. कादरचा भाऊ दुबईले होता, तो क्यासेटा पाठवे. अमेरिकेतल्या काळ्या बायायचं गानं. शब्द एक समजे ना, पन बाई पोटातून ओढून काढून राह्यली हे समजे. कादर म्हने, "इसको सोल कहते है. सोल म्हंजे रूह, जनका." मी ते ऐकून ऐकून गळ्यात बसवलं. डिस्कोच्या दोन गान्यायमधी एक सावकाश गानं म्हनो. कधी मैदान चुप होये, निरा चुप. बहुतेकदा मागून कोनीतरी वरडे, "ए रीटा, हलव ना!" मंग कादर ड्रम वाढवे आन मी हलवो. पोट होतं ना.

पुढं डीजे आले. एका गाडीत स्पीकरचे चार डबे, गानारी नको, ड्रमवाला नको, जेवन नको. ऑर्केस्ट्रा बसला. तुळशीराम मेला. कादरनं लोनारात मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान टाकलं, मले तिथंच खोली पाहून देली. त्याची बायको सुगराबी मले ननंद मानते, ईदले साडी घेते. पन लोनारातही लोक मले बंबईवालीच म्हनतात. आग लागो त्या मुंबईले.

बाप मेल्याचं मले कळलं ते भाजी इकनाऱ्या बाईकडून. माय मेल्याचंही तसंच. अर्जुनले फोन केला तं तो म्हने, "आता येऊन काय करतं? झालं सारं. लोक इचारतील, जावई कुठं हाये." मी म्हनलं, सांग ना मंग खरं. त्यानं फोन ठेवून देला. आता तो गावातला मोठा मानूस. लोक अर्जुनराव म्हनतात, चार गावचे तंटे मिटवाले बलावतात. मले त्याच्याकडून वावर नको, घर नको, चोळी-बांगडीही नको. मले एकच पाह्यजे होतं. त्यानं चारचौघात एकदा म्हनाचं, हे माही बहीन होय. बस. मरनाच्या आधी एकदा.

यंदा कादरनं माहं एक जुनं गानं मोबाईलवर टाकलं. ते कुठून कुठं फिरलं. आन एक रोजी फोन आला, "मॅडम, मी हर्षल बोलतो, जानेफळहून. आमच्या मंडळाचा वर्धापनदिन हाये. रेट्रो डिस्को ठेवून राह्यलो. तुमी याल का?"

जानेफळ म्हनल्यावर माह्या हातातून सुई पडली. मी म्हनलं, "बेटा, मी तुमच्याच गावची हावो."

तो हसला. "काय मजाक करता मॅडम! पोस्टर छापाले गेलं, थेट मुंबईहून. गावची म्हनलं तं कोन येईन पाहाले?" तुळशीराम मरून गेला, पन त्याची अक्कल गावोगावी जित्ती हाये.

मंग त्यानं सांगतलं, अध्यक्ष अर्जुनराव हायेत, त्यायच्या हातानं तुमचा सत्कार. मी फोनवरच म्हनलं, येतो.

कादर म्हने, "मत जा. तेरा दिल टूटेगा."

मी म्हनलं, "तुटाले शिल्लक काय हाये त्यात? तू ड्रम घे."

आता आयका गंमत. हर्षलनं सांगतलं, मॅडम, फाट्यावर उतरा, गाडी पाठवतो. पांढरी मोठी गाडी आली, काळ्या काचायची. माह्याच गावात मी काळ्या काचातून गेली. मारुतीचा पार गेला, आमचं जुनं घर गेलं, तिथं आता दोन मजले होते. कादरनं माह्याकडं पाह्यलं नाई, बाहेर पाहून राह्यला.

दिवस बुडाच्या आत कार्यक्रम उरकाचा होता. शाळेच्या मैदानात गर्दी मावे ना. पयल्या रांगेत अर्जुन, फेटा बांधलेला, बापासारखाच दिसाले लागला होता. त्यानं मले पाह्यलं आन मान खाली घातली. म्हंजे वळखलं. मले बरं वाटलं. मी म्हनलं, वळखलं तरी.

टोप घातला नव्हता मी. पांढरे केस तसेच सोडले होते. पयलं गानं म्हनलं, डिस्कोच. या वयात कंबर हलत नाई, पन गळा हाये. पोट्टे नाचाले लागले, बायाही हसून राह्यल्या होत्या. गानं सरलं. टाळ्या थांबायच्या आत मी कादरले हात दाखवला, थांब म्हनलं, आन माइकात बोलली.

"मायबापहो, मी काई मुंबईची नाई. मी याच गावची. उकंडरावाची पोट्टी, जनका. मारुतीच्या पाराच्या मागं आमचं घर. माह्या मायचं नाव गोदाबाई. याच शाळेत मी चौथीपर्यंत शिकली, आन तिकडल्या त्या चिंचेवरून पडून हात मोडून घेतला. मले सुरतेले कोनी देलं नव्हतं. मी गान्यात गेली होती. लोनारले राह्यते. तुमच्यातलीच हावो मी, बापा. लय वर्सानं घरी आली."

आन मंग जो हशा पिकला! शिट्ट्या, टाळ्या. एक पोट्टा वरडला, "वा रे मुंबई! काय वऱ्हाडी मारते बे!" दुसरा म्हने, "वन्स मोअर!" हर्षल धावत इस्टेजवर आला, हसून हसून त्याच्या डोळ्याले पानी आलं होतं. दुसरा माइक घेऊन म्हने, "बघा मंडळी, मोठा कलाकार असा असते. एका रोजात आपल्या गावची भाषाच नाई, सारी हिस्ट्री पाठ करून आल्या मॅडम!"

पुन्हा टाळ्या. मी म्हनलं, नाई रे बेटा, खरं हाये. तं लोक आनखी हसले. माही भाषा ऐकून माहंच गाव हसून राह्यलं होतं, आन मी जितकं खरं बोलो तितकी नक्कल चांगली होये. मले असा राग आला, की माइक फेकून मारावा.

बायायच्या रांगेत एक म्हातारी मात्र हसत नव्हती. ती उभी झाली. अन्नपूर्णा होती ती, माह्या संगं चौथीत बसे. तिनं डोळ्यावर हात धरला आन माह्याकडं पाह्यलं, पुन्हा पाह्यलं, आन मंग अर्जुनकडं पाह्यलं. तिच्या बाजूच्या बायाही त्याच्याकडं पाहाले लागल्या. हशा थोडा कमी झाला. आता त्यानं फक्त हाव म्हनाचं होतं. बसल्या जागेवरून मान हलवली असती तरी झालं असतं.

हर्षलनं त्याले वर बलावलं. अर्जुन चढला. हातात शाल, नारळ. हर्षलच्या माइकासमोर उभा राह्यला आन सभेत बोलतात तशी भाषा काढली.

"आमची बहीण जनका सुरतेला सुखात आहे. तिचं नाव आज या व्यासपीठावर निघालं, त्याचा मला आनंद आहे. मुंबईच्या पाहुण्या बाईंनी आमच्या घराची इतकी माहिती काढली, आमची बोली इतक्या लवकर शिकल्या, याला म्हणतात कला. जोरदार टाळ्या."

अन्नपूर्णा खाली बसली.

अर्जुननं माह्या खांद्यावर शाल टाकली. शाल सारखी करता करता तो माह्या कानाजोळ वाकला आन हळूच म्हने, "जनके, बरी हायेस ना? वाळली वो लय."

माइक माह्या हातात होता, चालू होता. त्याचं ते बोलनं पुन्हा वदवून घेतलं असतं तं साऱ्या मैदानानं आयकलं असतं. त्यालेही ते समजलं. तो माह्याकडं असा पाहून राह्यला, लहानपनी बापाच्या मारातून वाचव म्हनून पाहे तसा. मले कीव आली, आन त्या कीवेचाच जास्त राग आला. चाळीस वर्सं मले मेल्यासारखं ठेवलं याच्या भित्रेपनानं, आन आताही यालेच सांभाळाचं का मी?

पन सांभाळलं. मी माइक तोंडाशी नेला आन नाकातून म्हनलं, "शुक्रिया, भाईसाब. आपके गाँव में बहुत प्यार मिला."

मंग कादरकडं वळून म्हनलं, वाजव. त्यानं इचारलं, कौनसा? मी म्हनलं, तो सावकाशवाला नको, नाचाचा वाजव. गायली. अशी गायली की सारं जानेफळ नाचलं, आन माह्या भावानं जन्मात पयल्यांदा माह्या गान्यावर टाळ्या वाजवल्या.